सिद्दी : शेजारचे, तरी अनोळखी

नवापूरचे रेल्वे स्टेशन आपल्या सर्वांच्या ओळखीचे. अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातमध्ये. फलाटावरच्या बाकाचा एक पाय इकडे आणि दुसरा तिकडे, असे आपण पाहुण्यांना कौतुकाने सांगतो. खानदेशातून सुरतेला पोटासाठी जाणारा प्रत्येक जण कधी ना कधी ही सीमा ओलांडून गेलेला असतो. गाडी उकाई-सोनगड, व्यारा, बारडोली करत उधन्याला पोहोचते, तोवर डब्यात अहिराणी, मावची, भिली, गुजराती, हिंदी अशा पाच बोलींचा बाजार भरलेला असतो.

अशाच एका प्रवासात समोरच्या बाकावर एक तरुण बसला होता. काळाभोर वर्ण, बारीक कुरळे केस, अंगात साधा शर्ट, मांडीवर जेवणाचा डबा. माझ्या शेजारच्या मावशींना राहवले नाही. त्यांनी माझ्या कानाशी लागून, पण साऱ्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, ‘‘हाऊ कोनता देसना शे व?’’ मी उत्तर देण्याआधी तो तरुणच हसला आणि अस्सल भरुची गुजरातीत म्हणाला, ‘‘मासी, हुं झगडियानो छुं.’’ झगडिया म्हणजे भरूच जिल्ह्यातला तालुका. आपल्या अक्कलकुव्याहून डेडियापाडा, नेत्रंग करत गेले तर काही तासांचा रस्ता.

मावशी ओशाळल्या. मीही ओशाळले, कारण प्रश्न माझ्याही मनात तोच होता. तो मात्र रागावला नाही. ‘‘रोज एकदा तरी कोणी विचारतेच,’’ एवढेच म्हणाला आणि त्याने डब्यातली भाकरी पुढे केली.

वाचकहो, हा तरुण सिद्दी समाजाचा. आफ्रिकेतून शतकांपूर्वी आलेल्या माणसांचा वंशज. गुजरात, महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक आणि हैदराबादेत हा समाज विखुरलेला आहे. काळ्या वर्णाच्या समाजांची एकजूट म्हटली की आपल्याला अमेरिका आठवते. पण तसा एक समाज आपल्या सुरतेच्या वाटेवरच राहतो आणि पै-पैची बचत करत, एकमेकांचा हात धरत एक होऊ पाहतो, हे आपल्याला ठाऊकच नसते. त्याचीच ही ओळख.

राजे आणि फकीर

मराठी माणसाला सिद्दी हा शब्द इतिहासाच्या पुस्तकातून भेटतो. पन्हाळ्याला १६६० साली वेढा घालणारा सिद्दी जौहर आणि समुद्रात कधीही हाती न लागलेला जंजिऱ्याचा सिद्दी. म्हणजे भेट झाली ती शत्रू म्हणून. त्यापलीकडचा मलिक अंबर आपण जरा विसरतो. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभारी झाला. त्याने वसवलेली खडकी म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर. तिथली नहर आणि त्याने घालून दिलेली जमीन महसुलाची पद्धत यांचे नाव १६२६ साली त्याच्या मृत्यूनंतरही निघत राहिले.

सुरतेचा आणि सिद्दींचा संबंध तर अगदी घरचा. चौक बाजारातला तापीकाठचा किल्ला आज संग्रहालय म्हणून आपण मुलांना दाखवायला नेतो. अठराव्या शतकात त्या किल्ल्याची किल्लेदारी सिद्दींकडे होती. १७५९ साली इंग्रजांनी ती त्यांच्याकडून काढून घेतली आणि सुरतेत आपला पाय रोवला. पुढे १७९१ साली जंजिऱ्याच्या गादीवरून घरात वाद झाला. गादीवर हक्क सांगणाऱ्या बाळू मियां सिद्दीने पेशव्यांशी तह केला. जंजिऱ्यावरचा हक्क सोडण्याच्या बदल्यात त्याला सुरतेजवळची काही गावे मिळाली. जंजिरा पेशव्यांच्या हाती आला नाही तो नाहीच, पण सचिन नावाचे छोटेसे सिद्दी संस्थान मात्र उभे राहिले. ते १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झाले.

हेच ते सचिन. आज तिथली औद्योगिक वसाहत आपल्याकडच्या कितीतरी पोरांना रोजगार देते. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ १९३१ साली पडद्यावर आला. त्याची नायिका झुबेदा सुरतेत जन्मलेली आणि सचिनच्या नवाबाची मुलगी, असे तिच्या चरित्रात सांगितले जाते. पाळीवर जाताना सचिन स्टेशनावर उतरणाऱ्या आपल्या माणसांना याची गंधवार्ताही नसते.

पण इथेच एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. नवाबांच्या घराण्याची सोयरीक दुसऱ्या नवाबी घराण्यांशी होत गेली. सामान्य सिद्दी मात्र कुणाचे पूर्वज गुलाम म्हणून, कुणाचे खलाशी म्हणून, कुणाचे शिपाई म्हणून आलेले. ते दर्ग्यावर फकिरी करत, जंगलात लाकडे तोडत, गाडी हाकत जगले. दोघांचे नाव एकच, पण एकाच्या अंगणात दुसऱ्याला बसायला पाट नाही. म्हणजे ज्याला आपण बाहेरून ‘एक समाज’ म्हणतो, त्याच्या आतही पायऱ्या होत्या. त्यात भाषा वेगळ्या. गुजरातचे सिद्दी गुजराती बोलतात आणि बहुतेक मुसलमान आहेत. उत्तर कन्नडमधले सिद्दी कोकणी बोलतात, त्यांच्यात हिंदूही आहेत, मुसलमानही आणि ख्रिस्तीही. इतक्या फांद्यांच्या झाडाला एकत्र बांधायचे तर दोर कोणता घ्यायचा?

आपल्या नाशकातली गोष्ट

या प्रश्नाचे एक जुने उत्तर आपल्या नाशकात सापडते, म्हणून वाट थोडी वाकडी करून तिकडे जाऊ. नाशिकच्या शरणपूर भागात ख्रिस्ती मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला एक आश्रयस्थान चालवले होते. अरबी समुद्रात इंग्रज आरमार गुलामांची गलबते पकडत असे. त्यातून सुटका झालेल्या आफ्रिकन मुलांना तिथे ठेवत. त्या मुलांना लिहिणे-वाचणे, सुतारकाम आणि लोहारकाम शिकवले जाई. आईबाप कोण, गाव कोणते, हे काहींना आठवतही नसे. एकाच्या बोलीचा दुसऱ्याला गंध नसे.

त्यातलाच एक जेकब वेनराइट. प्रसिद्ध प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८७३ साली आफ्रिकेच्या आतल्या भागात वारला, तेव्हा त्याचे सोबती त्याचा देह शेकडो कोस चालत समुद्रापर्यंत घेऊन आले. त्यांच्यात लिहिता-वाचता येणारा हा नाशकात शिकलेला मुलगा होता. पुढे १८७४ साली तो त्या देहासोबत लंडनपर्यंत गेला. नाशकातली बरीच मंडळी नंतर मोंबासाजवळच्या फ्रीयरटाउन या वसाहतीत राहायला गेली. तिथे त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. सुटून आलेल्या नव्या गुलामांना आसरा देणे, शाळेत शिकवणे, सुतारकी-लोहारकी करणे ही कामे त्यांनी केली.

ज्यांना रक्ताचे नाते उरले नव्हते, त्यांनी कामातून नाते जोडले. एकजूट आधी आणि काम मागून, असे झाले नाही. काम आधी आले. काम करता करता माणसे एकमेकांची झाली.

बावा गोरचा डोंगर

गुजरातच्या सिद्दींचे माहेर म्हणावे असे ठिकाण म्हणजे झगडिया तालुक्यातले रतनपूर. तिथल्या डोंगरावर बावा गोर यांचा दर्गा आहे. बावा गोर हे हबश देशातून आलेले संत, त्यांचे भाऊ बावा हबश आणि बहीण माई मिश्रा, अशी श्रद्धा आहे. माई मिश्राकडे बायका आपली गाऱ्हाणी घेऊन जातात. आपल्याकडे देवीपाशी ओटी भरायला जावे, तसेच.

हा डोंगर अकीकाच्या खाणींसाठी फार जुना प्रसिद्ध. इथला दगड खंभातला जाई आणि तिथे त्याचे मणी घडत. बावा गोर यांना या मण्यांच्या धंद्याचे रक्षक मानतात. खाणीत उतरणारे मजूर मुख्यतः भिल्ल. त्यामुळे दर्ग्यावर सिद्दींबरोबर भिल्लही माथा टेकतात, हिंदू येतात, पारसीही आलेले आहेत. आपल्या सातपुड्याच्या पट्ट्यातल्या वाचकाला हे नवे वाटणार नाही. डोंगरावरचा देव कुणा एकाचा नसतो.

सिद्दींसाठी मात्र या डोंगराचे महत्त्व आणखी आहे. उरुसाच्या वेळी सुरत, भरूच, अहमदाबाद, भावनगर, जामनगर अशा ठिकाणची सिद्दी कुटुंबे इथे जमतात. देगा चढतात, लाकूड फोडायचे, पाणी भरायचे, वाढायचे, उष्टी काढायची ही कामे समाजाचीच पोरे अंगावर घेतात. त्याच मांडवात सोयरिकी जुळतात. भांडणे मिटतात. कुणाचा मुलगा आजारी, कुणाची मुलगी दहावी झाली, कुणाचे घर पावसात पडले, हे सर्वांना कळते. गावोगावी बावा गोर यांचे चिल्ले, म्हणजे छोटी स्थाने, आहेत आणि त्यांच्याभोवती तिथल्या सिद्दींची जमात बसते. वर्षाचा उरुस हा मोठा दोर, तर हे चिल्ले म्हणजे त्याच्या गाठी.

आणि मग धमाल! ‘गोमा’ किंवा ‘धमाल’ हा त्यांचा नाच. पूर्व आफ्रिकेत ढोल आणि नाच यांना ‘एंगोमा’ म्हणतात, त्याच शब्दाचे हे गुजराती रूप. उभा मुगरमान ढोल, हातातला मुसिंडो, भोपळा बांधलेले धनुष्यासारखे मलुंगा हे वाद्य, नारळाच्या करवंटीचा खुळखुळा. नाचता नाचता नारळ वर उडवून डोक्यावर फोडतात, तेव्हा बघ्यांच्या तोंडून ‘अरे बाप रे’ निघते. या नाचाचे ताफे देशोदेशी जाऊन आले आहेत. पण नाचणाऱ्यांना टाळ्या मिळतात आणि खाली उतरल्यावर तोच प्रश्न पुन्हा, ‘कोणत्या देशाचे?’ पोशाख उतरवला की माणूस परका, हे दुःख त्या ढोलाखाली दबलेले असते.

जांबूरच्या हीरबाईबेन

सिद्दी समाजातल्या सर्वांत परिचित समाजसेविका म्हणजे हीरबाईबेन लोबी. सासण गीरजवळ तालाला तालुक्यात जांबूर नावाचे गाव आहे. जवळजवळ सारी वस्ती सिद्दींची. हीरबाईबेन लहानपणीच आईबापांना पारख्या झाल्या. आजीने वाढवले. शाळेचे तोंड पाहायला मिळाले नाही. त्यांचा गुरू म्हणजे रेडिओ. शेतीच्या, सरकारी योजनांच्या, बायकांच्या बचतीच्या गोष्टी रेडिओवर ऐकायच्या आणि मग शेजारणींना गोळा करून सांगायच्या, अशी सुरुवात झाली.

गावातल्या पुरुषांची मजुरी अनिश्चित, त्यात दारूचे व्यसन, आणि घर चालवायचे बायकांनी. हीरबाईबेननी बायकांचे बचतगट बांधले. आगाखान यांच्या ग्रामीण विकास संस्थेचे मार्गदर्शन मिळाले. पालापाचोळा आणि शेण कुजवून सेंद्रिय खत तयार करायचे आणि शेतकऱ्यांना विकायचे, हा धंदा त्यांनी गटाच्या बायकांना शिकवला. मुलांसाठी बालवाडी सुरू केली. शेकडो बायकांच्या हाती स्वतःचा पैसा आला. भारत सरकारने २०२३ साली त्यांना पद्मश्री दिली. मार्च महिन्यात राष्ट्रपती भवनात पुरस्कार घ्यायला जाताना त्या साध्या लुगड्यात, डोक्यावर पदर घेऊन चालत गेल्या आणि वाटेत पंतप्रधानांसमोर थांबून आपल्या समाजाविषयी चार शब्द बोलल्या. ते दृश्य अनेकांनी दूरदर्शनवर पाहिले असेल.

आता या कामातला गाभा काय, ते आपल्या बचतगटाच्या बायकांना वेगळे सांगायला नको. हिशेब साधाच असतो. समजा, १५ जणींचा गट आहे आणि प्रत्येकीने महिन्याला ५० रुपये टाकले. महिन्याचे ७५० आणि वर्षाचे ९,००० रुपये झाले. रक्कम मोठी नाही. पण कुणाच्या मुलाला ताप आला तर सावकाराच्या दारात उभे राहण्याची पाळी टळते. तीन वर्षांनी बँकेचा साहेब खुर्ची देऊन बोलतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दर महिन्याला पंधरा जणी एका जागी बसतात. रुसवेफुगवे होतात, हिशेबावरून खटके उडतात, पण उठून गेलेली पुढच्या महिन्यात परत येते, कारण तिचे पैसे आणि तिच्या गरजा दोन्ही तिथे असतात. भाषणाने जमलेली माणसे भाषण संपले की पांगतात. वहीत नाव असलेली माणसे पांगत नाहीत.

आणखी एक. बाहेरून आलेल्या कुणी सांगितले असते, तर जांबूरच्या बायकांनी ऐकले असते की नाही कोण जाणे. सांगणारी त्यांच्याच ओट्यावर बसणारी, त्यांच्यासारखेच हाल सोसलेली होती. म्हणून तिच्या शब्दाला वजन आले.

दाखल्याची रेघ

पण एकजुटीच्या आड येणारी सर्वच कुंपणे घरातली नसतात. काही कागदावरची असतात. आपल्या नंदुरबार, धुळ्याच्या वाचकांना ‘क्षेत्रबंधन’ हा शब्द नवा नाही. एका तालुक्यात आदिवासी म्हणून मान्य असलेला माणूस शेजारच्या तालुक्यात गेला की आदिवासी राहत नसे. १९७६ च्या कायद्याने महाराष्ट्रातले हे बंधन उठले. ज्यांच्या घरात त्यावेळी दाखल्याची धावपळ झाली, त्यांना त्याची किंमत ठाऊक आहे.

गुजरातच्या सिद्दींवरचे बंधन मात्र उठले नाही. अनुसूचित जमातींच्या यादीत सिद्दींचे नाव आहे, पण ते अमरेली, भावनगर, जामनगर, जुनागढ, राजकोट आणि सुरेंद्रनगर या सौराष्ट्रातल्या जिल्ह्यांपुरते. म्हणजे जांबूरच्या मुलीला दाखला मिळतो. तिचीच मावसबहीण सुरतेत किंवा बावा गोरच्या पायथ्याशी जन्मली, तर तिला मिळत नाही. आजी एक, रक्त एक, ढोल एक, पण कागद दोन. ज्या रतनपूरला सारा समाज आपले मूळ ठिकाण मानतो, तिथलाच सिद्दी कागदावर आदिवासी नाही.

शिष्यवृत्ती, वसतिगृह, नोकरी, घरकुल या सर्वांची वाट त्या दाखल्यातून जाते. २०११ च्या जनगणनेत गुजरातमध्ये अनुसूचित जमात म्हणून नोंदलेले सिद्दी साडेआठ हजारांच्या आसपास होते. सुरत, भरूचकडचे सिद्दी या आकड्यात नीट उमटतच नाहीत. गुजरातमध्ये सिद्दींची गणना विशेष दुर्बल आदिम जमातींत होते. अशा जमातींसाठी केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये पंतप्रधान जनमन योजना सुरू केली. घरे, रस्ते, पाणी, अंगणवाडी अशी कामे तीत आहेत. पण पुन्हा तीच रेघ आडवी येते.

कर्नाटकात उत्तर कन्नडच्या सिद्दींना २००३ साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. तो वर्षानुवर्षे केलेल्या मागणीनंतर मिळाला. त्याच समाजातले शांताराम सिद्दी २०२० साली कर्नाटकच्या विधान परिषदेवर गेले. सिद्दी समाजाचा माणूस आमदार होण्याची ती पहिली वेळ. एका गावातून गेलेला अर्ज फाइलीत पडून राहतो. पन्नास गावांतून, एका भाषेत, एकाच मजकुराचा अर्ज गेला तर फाइल हलते. आणि त्यासाठी कोणीतरी गावोगाव फिरून जुनी रेशनकार्डे, शाळा सोडल्याचे दाखले, आजोबांच्या नोंदी गोळा कराव्या लागतात. स्वयंसेवा म्हणतात ती हीच. तिचा फोटो निघत नाही, हार घातला जात नाही, चपला मात्र झिजतात.

दूरदेशीची सोबत

अमेरिकेतल्या काळ्या बांधवांचा अनुभव याहून वेगळा नाही. रिचर्ड ॲलन आणि अब्सलम जोन्स या दोघांनी १७८७ साली फिलाडेल्फिया शहरात एक मदत मंडळ काढले. दोघेही गुलामीत जन्मलेले. सभासदांनी थोडी थोडी वर्गणी भरायची आणि त्यातून विधवांना, अनाथांना, आजाऱ्यांना मदत करायची. आपल्या भिशीचेच भावंड म्हणा ना. १७९३ साली त्या शहरात पिवळ्या तापाची साथ आली. पैसेवाले शहर सोडून पळाले. तेव्हा या मंडळाची माणसे गोऱ्यांच्या घरांत जाऊन रुग्णांची सेवा करू लागली, मृतांना मूठमाती देऊ लागली. ज्यांना चर्चमध्ये शेजारी बसू दिले जात नव्हते, तेच उशाशी बसले. पुढे त्यांच्यावरच पैसे उकळल्याचे आरोप झाले, तेव्हा त्या दोघांनी हिशेबासकट पुस्तिका छापून उत्तर दिले. हिशेबाची वही समाजाची अब्रूही राखते, ती अशी.

सुरतेतल्या जुन्या मंडळींना हे वाचताना १९९४ चा सप्टेंबर आठवेल. प्लेगच्या भीतीने लाखो माणसे सुरत सोडून निघाली. आपल्या नवापूर, नंदुरबारच्या गाड्या भरून वाहिल्या. २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीच्या पुराने शहर बुडवले, तेव्हा गच्चीवर अडकलेल्यांना खिचडी आणि पाणी पोहोचवणाऱ्यांनी जात विचारली नव्हती. संकटात माणूस माणसाला ओळखतो. पाणी ओसरले की मग का विसरतो?

आपल्या महात्मा फुल्यांनी हे नाते फार आधी ओळखले होते. त्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक काढले आणि ते गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली तिथले विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचे नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून आले. तिकडच्या त्या पँथरांची बंदूक सर्वांना आठवते. १९६९ पासून त्यांनी गरीब मुलांना शाळेआधी फुकट न्याहारी दिली, ते फार थोड्यांना आठवते. सकाळी लवकर उठून मुलांसाठी स्वयंपाक करणारे हातच चळवळ टिकवतात. म्हणजे मराठी माणसाला काळ्या बांधवांच्या लढ्याचे कौतुक दीडशे वर्षांपासून आहे. प्रश्न एवढाच, की साता समुद्रापलीकडच्या भावाला ओळखणारे आपण, डब्यात समोर बसलेल्या भावाला का ओळखत नाही?

आपल्या हाती काय?

सुरतेत आपली खानदेशी मंडळी कशी राहिली ते आठवावे. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली इथे आधी एकट्याने खोली घेतली, मग भावाला बोलावले, मग गाववाल्यांना. गणपतीचे मंडळ निघाले, सामुदायिक विवाह सुरू झाले, महापालिकेच्या मराठी शाळांत पोरे शिकली. ‘तुम्ही बाहेरचे’ हे शब्द आपणही ऐकले आहेत. परकेपणाचा काटा ज्याच्या पायात मोडला, त्याने दुसऱ्याच्या पायातला काटा ओळखायला हवा.

फार मोठे काही करायला नको. पहिली गोष्ट, ‘हबशी’ हा शब्द शिवी म्हणून वापरणे सोडावे. तो एका देशाच्या नावावरून आलेला शब्द आहे. शाळेच्या मैदानावर कुरळ्या केसांच्या पोराला कुणी चिडवत असेल तर आपल्या पोराला घरी बसवून चार शब्द सांगावेत. सुरतेतल्या मंडळांनी नवरात्रात, गणपतीत धमालचा ताफा बोलावला तर ठरलेली बिदागी वेळेवर द्यावी आणि नंतर पंगतीला सोबत बसवावे. ज्यांना दाखल्याच्या कामाचा अनुभव आहे, अशा आपल्या आदिवासी संघटनांनी तो अनुभव सिद्दी तरुणांना द्यावा. अर्ज कसा लिहावा, कोणती नोंद कुठल्या कचेरीत मिळते, हे आपल्याकडच्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ आहे.

बाकी काम सिद्दी समाजाचे स्वतःचे आहे आणि त्यांच्या बायकांनी, पोरांनी ते हाती घेतलेले आहे. आपण त्यांच्यावर उपकार करायला जायचे नाही. फक्त वाटेत आडवे पडायचे नाही आणि बोलावले तर हजर राहायचे.

त्या दिवशी उधना स्टेशन येईपर्यंत मावशी आणि तो तरुण यांची चांगलीच गट्टी जमली होती. त्याची आई रतनपूरच्या डोंगरावर दर उरुसाला भाकरी थापायला जाते, हे मावशींनी काढून घेतले होते. त्यांनी आपल्या पिशवीतून कळण्याच्या दोन भाकरी आणि ठेचा काढून त्याच्या डब्यात घातला. ठेचा तिखट आहे, जपून खा, असे चार वेळा बजावले. उतरताना मात्र त्यांनी पुन्हा एक प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर त्याने हसत हसत दिले.

या वेळी त्यांनी देश विचारला नाही. आईचे नाव विचारले.